डाव्या हाताचा ट्रे

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. मी काही रहस्यकथा सांगायला बसलेली नाही, की शेवटच्या पानावर चोर सापडावा. चूक माझी, आणि ती कबूल करायला मला चार दिवस लागले. ते चार दिवस चुकीपेक्षा वाईट गेले. एका जागी दहा मिनिटं बसले असेन तर शपथ.

बावीस वर्षं मी दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. खाली दवाखाना, वर त्यांचं घर. डॉक्टर दोन, बाप आणि लेक. थोरले पंचाहत्तरीचे, आता फक्त जुने पेशंट बघायचे, तेही कुणी हट्ट धरला तर. धाकटा मी लागले तेव्हा दहा वर्षांचा होता, पायऱ्यांवर बसून गृहपाठ करायचा. पेशंटसमोर मी त्याला डॉक्टर म्हणते, एरवी अरे-तुरे. तो मला मावशी म्हणतो. थोरले मला नुसतं ‘बाई’ म्हणतात, पण त्यांच्या तोंडी ते पदवीसारखं वाटतं.

थोरल्यांची कामाची एक रीत होती. पेशंटच्या तोंडावरची नजर काढायची नाही. डॉक्टर इकडे-तिकडे बघायला लागला की पेशंट घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांचा हात न बघताच ट्रेकडे जायचा, आणि हवी ती वस्तू हवी तिथे असायची, कारण ती मी ठेवलेली असायची. भुलीची सिरिंज उजव्या टोकाला, हायपोची डाव्या. दोन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच मापाच्या. आतलं औषधही दोन्हीकडे पाण्यासारखंच. हायपोची सुई आयत्या वेळी थोरले स्वतः वाकवून घ्यायचे, तोवर तीही सरळच.

हायपो म्हणजे कपडे पांढरे करायच्या पाण्याची सख्खी बहीण. रूट कॅनाल करताना दात पोखरला की त्याच्या मुळातल्या बारीक नळ्या हिने धुवायच्या. आतली सगळी घाण ती खाऊन टाकते. दाताच्या आत आहे तोवर तिच्यासारखं गुणी औषध नाही. पण दाताबाहेर मांसात गेली की ती मांसही खाते. तिला कळत नाही, घाण कुठली आणि माणूस कुठला. म्हणून तिच्याशी खेळ नाही, हे मी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी दरडावून सांगते. मी सांगते, बघा.

धाकटा डावखुरा. तो खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून त्याचा ट्रे मी उलटा लावते. भूल डाव्या टोकाला, हायपो उजव्या. आरशात बघून लावावा तसा. दोन डॉक्टर, दोन ट्रे, आणि सगळा हिशोब माझ्या डोक्यात. मागे धाकट्याने रंगीत टिकल्यांचं पाकीट आणलं होतं. म्हणाला, मावशी, हायपोच्या सिरिंजला लाल टिकली लावत जा, प्रत्येक वेळी. मला झोंबलं. बावीस वर्षांत एक चूक नाही आणि आता माझ्या सिरिंजला टिकल्या? तो समोर असला की लावायचे, नसला की नाही. कधी कधी वाटतं, त्या पाकिटात अजून कितीतरी टिकल्या पडून आहेत, आणि डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

त्या सोमवारी शिंपीणबाई आल्या. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आमच्या दवाखान्याचे सगळे एप्रन त्यांच्याच हातचे. खालच्या बाजूची एक लहान दाढ ठणकत होती. नाव धाकट्याच्या वहीत लागलेलं होतं, म्हणून ट्रे मी सकाळीच त्याच्या हाताचा लावून ठेवला. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मी थोरल्यांकडूनच करून घेणार. का, तर डावखुऱ्याने धरलेली कात्रीसुद्धा त्या हातात घेत नाहीत, मग दात कसा द्यायचा? धाकटा हसला आणि शेजारच्या खोलीतल्या पेशंटकडे गेला. थोरल्यांना वरून बोलावलं. ते खूश. हात धुताना शीळ घालत होते.

आता ट्रे फिरवायचा सोडून मी काय करत होते? काउंटरवरच्या पोरीशी भांडत होते. तिने दोन पेशंटना एकच वेळ दिली होती आणि वर मलाच शहाणपण शिकवत होती. मी दारात उभी राहून तिला असं काही सुनावलं की बसलेले पेशंट मासिकात तोंड घालून हसायला लागले. तिला पुरती गप्प केल्यावर मी समाधानाने आत आले आणि खुर्चीशी उभी राहिले. थोरल्यांचा हात ट्रेकडे गेला, उजव्या टोकाला. मी बघत होते. उजवीकडे भूल असते, म्हणजे भूलच, असं माझं डोकंसुद्धा धरून चाललं होतं. त्यांनी ओठ बाजूला धरला आणि सुई हिरडीत घातली.

शिंपीणबाई ओरडल्या नाहीत. आधी त्यांच्या घशातून एक आवाज आला, आणि मग त्यांनी थोरल्यांचा हात इतक्या जोराने झटकला की सिरिंज भिंतीवर आदळली. भुलीचं इंजेक्शन टोचतं, जळत नाही. त्या जळल्यासारख्या तडफडत होत्या. बघता बघता गाल फुगला, डोळ्याखालपर्यंत. भिंतीवरून ओघळलेल्या पाण्याचा वास आला, कपडे पांढरे करायच्या पाण्याचा.

धाकटा धावत आला. त्याने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा ट्रेकडे, आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही हायपो टोचलंत.”

थोरले आपल्या हाताकडे बघत राहिले. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. बाकी सगळं धाकट्याने केलं. त्या जागी सलाइन सोडलं, बाहेरून बर्फ धरला, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आणि गाडीत घालून बाईंना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सूज घशाकडे उतरली तर श्वास अडकतो, म्हणून एक रात्र लक्ष ठेवणं भाग होतं. मी मागे राहिले आणि ट्रे धुतला. सवयीने धुतला की भीतीने, देव जाणे. पण धुतला, आणि परत लावताना थोरल्यांच्या हाताचा लावला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. थोरल्यांच्या बायकोचं डोकं शेवटची चार वर्षं ठिकाणावर नव्हतं. सगळं विसरल्या होत्या. नवऱ्यालाच विचारायच्या, डॉक्टर, आमचे मालक अजून कसे आले नाहीत? आणि थोरले म्हणायचे, येतील, निघालेत. त्या गेल्यापासून या माणसाला एकाच गोष्टीची भीती. चष्मा सापडला नाही की चेहरा पांढरा पडायचा. मरणाला ते भीत नव्हते, त्या विसरण्याला भीत होते. आणि सोमवारी सगळ्यांसमोर त्यांच्या उजव्या हाताने उजव्या टोकाची सिरिंज उचलली आणि ती चुकीची निघाली. त्यांनी काय समजायचं?

जे समजायचं तेच समजले. मंगळवारी सकाळी त्यांनी आपला पांढरा कोट घडी करून माझ्या हातात दिला. आता याची गरज नाही, बाई, एवढंच म्हणाले. स्मृतीच्या आजारांचे कुणी डॉक्टर आहेत, त्यांची शुक्रवारची अकराची वेळ घेतली होती. माझ्या जिभेवर आलं होतं हो. पण मी कोट घेतला आणि कपाटात नेऊन ठेवला.

शिंपीणबाई सकाळीच घरी आल्याचं दुपारी कळलं, तशी डबा घेऊन गेले. चेहरा ओळखू येत नव्हता. अर्धा गाल काळानिळा, तो काळेपणा मानेवर उतरलेला. खालचा ओठ एका बाजूने लोंबल्यासारखा. त्या शिवताना टाचण्या ओठांत धरतात, एका वेळी आठ-दहा. मी गेले तेव्हा एकच टाचणी धरून बघत होत्या, आणि ती घरंगळून मांडीवर पडत होती. बधिरपणा जाईल का, तर हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं होतं, काही महिन्यांत जाईल, कदाचित थोडा राहीलही.

मी विचारायच्या आधीच त्या बोलायला लागल्या. शब्द अर्धवट, ओठ साथ देत नव्हता. थोरले सकाळी येऊन गेले होते. समोर उभे राहून रडले. म्हणाले, माझं डोकं चालेनासं झालंय, मी खुर्चीपाशी यायलाच नको होतं. शिंपीणबाई म्हणाल्या, हलगर्जीपणा असता तर मी सोडलं नसतं, पार दवाखान्याला कुलूप लावायला लावलं असतं. पण वयाला काय करणार? वय तर माझंही होणार आहे. असं म्हणून त्यांनी माझा हात थोपटला, आणि मी डब्याचं झाकण लावत, काढत बसले.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. त्या तीन दिवसांत मी दवाखान्यातले सगळे कप्पे दोनदा पुसले. घरी दूध उतू गेलं, इस्त्री चालू राहिली. नवऱ्याने, लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाने, माझ्याकडे बघून निदान केलं की मी दोन मजल्यांच्या मधे अडकले आहे. मी त्याच्यावर खेकसले. मग त्याला सगळं सांगितलं. नोकरी जाईल, एवढंच शेवटी म्हणाला, आणि जाऊ दे असंही म्हणाला नाही आणि राहू दे असंही नाही. असल्या वेळी नवरा म्हणजे भिंतच.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर मी धाकट्याच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, नीट ऐक, मधे बोलू नकोस. ट्रे मी तुझ्या हाताचा लावला होता आणि फिरवला नाही. टिकलीही लावली नव्हती. तुझ्या बाबांचा हात बरोबर जागी गेला, वस्तूच चुकीच्या जागी होती.

तो पेन बंद करत म्हणाला, “मावशी, मला माहीत आहे. आत आलो तेव्हाच दिसलं. ट्रे माझा होता.”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग कळलं, आणि मी स्टुलावर बसले. तो शांतपणे समजावत होता, लहानपणी मी त्याला समजवायचे तसं. दोन वर्षं तो शेजारच्या खोलीत एक कान बाबांकडे ठेवून काम करतोय. त्यांचा हात मंदावलाय, डोळे थकलेत, एकदा भलताच दात पोखरायला निघाले होते. आता थांबा म्हणून दोनदा सांगून झालं, दोन्ही वेळा घरात आठवडाभर अबोला. आता ते आपण होऊन थांबलेत. भांडण नाही, तंटा नाही. मग ते मोडायचं कशाला? आणि मावशी, तुझी नोकरीही राहते.

खोटं बोलत नव्हता तो. ती काळजी खरी होती, भलत्या दाताची गोष्टही खरी होती, मीच तेव्हा त्यांचा हात धरला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलायचं? तरी मी विचारलं, ते स्वतःला वेडे समजायला लागलेत, ते तुला दिसत नाही का? उद्या त्या डॉक्टरने सांगितलं की यांच्या डोक्यात काहीच बिघाड नाही, मग?

तो खिडकीकडे बघत म्हणाला, या वयात शोधलं की काहीतरी सापडतंच.

पायऱ्यांवर बसून गृहपाठ करणारं पोर ते. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

तशीच शिंपीणबाईंकडे गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बसले असते तर परत धीर झाला नसता. त्यांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी हळूच खाली ठेवली. तीन दिवस माझ्याकडे डबे आणतेस, म्हणाल्या, आणि पोटात हे ठेवून? मी ज्यांना माफ केलं त्यांनी काही केलंच नव्हतं, आणि जिने केलं तिच्या हातचं मी जेवले? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल ते करा, तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

“माझं मी नंतर बघीन. तुला सोडणार नाही, ते लक्षात ठेव. पण आधी त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग. तो माणूस इथे उभा राहून रडला.”

शुक्रवारी दहाला मी जिना चढले. थोरले तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं, बूट पॉलिश केलेले. समोर एक वही. तिच्यात त्यांनी आजची तारीख लिहिली होती, वार, सकाळी काय खाल्लं, जिन्याला पायऱ्या किती. शंभरातून सात सात वजा करत खाली आणलेले आकडे होते, दोन-तीनदा करून बघितलेले. तिथे असंच विचारतात, म्हणाले, हिला न्यायचो तेव्हा हिलाही हेच विचारायचे. परीक्षेच्या दिवशी पोरं कशी शेवटचं पान चाळतात, तसं त्यांचं चाललं होतं. मला म्हणाले, बाई, मला कुठलेही पाच शब्द सांगा आणि थोड्या वेळाने विचारा.

एवढं ऐकलं आणि माझा बांध फुटला. पाच शब्द कसले, सगळंच बाहेर आलं. ट्रे, धाकट्याची बाजू, ती पोरगी, ते भांडण, टिकल्यांचं पाकीट. रडत होते आणि बोलत होते, एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

त्यांनी मला थांबवलं नाही. मी गप्प झाल्यावर उठले, स्वयंपाकघरातून दोन चमचे आणले आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, लावा. माझ्या हाताचा. मी लावले. त्यांनी डोळे मिटले. भूल, असं स्वतःशीच म्हणाले आणि हात उचलला. उजव्या टोकाला. हायपो. डाव्या. परत भूल. परत उजवीकडे. चार-पाच वेळा केलं. मग डोळे उघडून त्या दोन चमच्यांकडे बघत हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. शाबूत आहे की हो, म्हणाले. बाई, डोकं शाबूत आहे.

मग चिडले. बावीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. चार दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो आणि तुम्ही खाली कप्पे पुसत होतात? शिंपीणबाईंना सांगितलं का? सांगितलं म्हटल्यावर जरा निवळले. तुमचं काय करायचं ते मागाहून ठरवू, पण चूक निम्मी माझीही आहे, न बघता हात घालायची मिजास माझी होती, असं म्हणाले. मी मान खाली घालून ऐकत होते आणि खरं सांगते, ती बोलणी खाताना मला चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

पण ते तिथे थांबले नाहीत. अहो, आधी पोराला सांगायला हवं, म्हणाले. बिचारा चार दिवस माझ्या काळजीने जेवलेला नाही धड. कालच म्हणत होता, बाबा, मी येतो तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे. किती हायसं वाटेल त्याला. मी म्हटलं, मागाहून सांगू, खाली पेशंट आहे. ते कुठले ऐकतात. जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, पूर्वी त्याला जेवायला बोलवायचे तशी.

धाकटा वर आला. हातात मोजे तसेच. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या चमच्यांकडे. थोरल्यांनी सगळं सांगितलं, घाईघाईने, हातवारे करत. ट्रे तुझा होता रे, तुझ्या हाताचा. माझा हात बरोबर गेला होता. मला काही झालेलं नाही.

“हो का?” धाकटा म्हणाला. “बरं झालं, बाबा.”

एवढंच. त्यात नवल नव्हतं, आनंद नव्हता, माझ्यावर राग नव्हता. नुकतंच कळलेल्या माणसाने माझ्यावर चिडायला हवं होतं ना? त्याने माझ्याकडे परत बघितलंसुद्धा नाही. थोरल्यांचे हात हवेतच राहिले. ते लेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि ज्या माणसाने जन्मभर तोंडावरची नजर काढली नाही त्याला काय दिसत होतं ते मला कळत होतं. मला वाटलं, आत्ता जमीन फाटावी आणि मी आत जावं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

धाकट्याने मोजे काढायला सुरुवात केली. एक निघाला, दुसरा बोटात अडकला.

“कधीपासून, विचारतोय मी.”

“त्याच दिवशी, बाबा. पण तुम्ही माझंही ऐका. ते तुमच्यासाठीच…”

थोरले खुर्चीत बसले, वही मिटली, चमचे उचलून एकावर एक ठेवले. मी कानकोंडी होऊन उभी. खाली पेशंट खोकत होता. मला वाटत होतं यांनी ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, माझ्यावर चिडले तसं चिडावं. त्यांनी फोन जवळ ओढला आणि नंबर लावला, समोरच्या चिठ्ठीकडे न बघता. पलीकडच्या मुलीला आपलं नाव सांगितलं, अकराची वेळ रद्द करा म्हणाले. तिने बहुतेक दुसरा दिवस विचारला असावा.

“नको,” ते म्हणाले. डोळे लेकावर होते. “दुसरी वेळ नको. मला सगळं आठवतंय.”